आधी चित्र, मग सुया

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलं असशीलच. फाडू नकोस. निदान पहिलं पान वाच, मग काय करायचं ते कर.

एकाच शहरात राहून टपालाने लिहितोय याचं तुला हसू येत असेल. फोनवर तुझा आवाज ऐकायची माझी तयारी नाही, म्हणून हा उद्योग. आणि हे पत्रही मी मनाने लिहीत नाहीये. डॉक्टरीणबाईंनी बजावलं म्हणून लिहितोय. त्यांनी विचारलं, "सख्खा भाऊ आहे का?"

मी म्हटलं, "होता."

लिहिता लिहिता त्या थांबल्या. "वारले?"

"छे, चांगला धडधाकट आहे. बोलणं नाही आमचं."

"मग बोलू नका," त्या म्हणाल्या, "पण कळवा."

तर कळवतो. मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. हा आजार रक्ताच्या नात्यातून उतरू शकतो. बापाला किंवा भावाला झाला असेल तर आपल्याला व्हायची शक्यता बरीच वाढते. तेव्हा तू पीएसएची तपासणी करून घे. नुसतं रक्त द्यायचं असतं, घाबरण्यासारखं काही नाही. आकडा जास्त आला तर मात्र एक लक्षात ठेव. कोणी लगेच सुया टोचायला निघाला तर हो म्हणू नकोस. आधी एमआरआय करा म्हण. आधी चित्र, मग सुया. माझ्या बाबतीत उलटं झालं आणि ते मला भोवलं.

पहिला डॉक्टर मोठा गोड बोलायचा. माझा आकडा वाढलेला बघून त्याने मागच्या वाटेने सुया घातल्या आणि इथून एक, तिथून एक असे तुकडे काढले. गाठ कुठे आहे, आहे की नाही, काही दिसत नव्हतं. रिपोर्ट स्वच्छ आला. "काका, मजेत राहा," म्हणाला. मी राहिलो मजेत. आकडा काही मजेत राहिना, तो चढतच गेला. वर्षाने त्याने पुन्हा सुया घातल्या, पुन्हा सगळं स्वच्छ. त्यानंतर मला ताप भरला, लघवीतून रक्त गेलं, तेव्हा तुझी पुतणी खवळली आणि मला उचलून दुसऱ्या हॉस्पिटलात घेऊन गेली.

तिथे या डॉक्टरीणबाई. सगळी फाइल चाळून झाल्यावर म्हणाल्या, "एमआरआय कुठंय?" केलाच नव्हता. आणि लगेच करताही येईना. सुयांनी आत रक्त साकळलं होतं, त्याचे डाग चित्रात खऱ्या गाठीसारखे दिसतात म्हणे. ते विरेपर्यंत थांबा, म्हणाल्या. म्हणजे एकाने घाई केली म्हणून दुसरीकडे वाट बघायची. थांबलो. थांबायची सवय आहे मला. अप्पांच्या आजारपणात तीच लागली, तू नसताना.

असो. कळवायचं होतं, कळवलं.

'तुझा' असं काही लिहवत नाही. नुसताच,
दादा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं. तुझी वहिनी मात्र टपालवाल्याची चाहूल लागली की काहीतरी निमित्त काढून दारात जाते आणि हात हलवत परत येते. तिच्यासाठी तरी दोन ओळी लिहायच्या होत्यास.

डॉक्टरीणबाईंनी परवा परत विचारलं, "भावाला कळवलं?" म्हटलं, कळवलं. "काय म्हणाले?" म्हटलं, त्यांना कामातून वेळ होत नाही. बघ, अजून चारचौघांत तुझी बाजू सावरतोय. खोड जात नाही.

एमआरआयचं घरी मी नीट सांगितलेलं नाही. "काही नसतं गं, नुसतं पडून राहायचं," असं सांगून मोकळा झालो. तुला सांगायला हरकत नाही. तुझ्यापुढे माझी काही पत उरलेली नाही.

तिथली बाई आत सोडण्याआधी प्रश्न विचारत होती. हृदयात यंत्र बसवलंय का, अंगात कुठे पट्टी, खिळा आहे का. मग म्हणाली, "लोखंडाचं काम केलंय कधी?" मला हसूच आलं. म्हटलं, "बाई, दुसरं काही केलेलंच नाही. जन्म लेथपुढे गेला." ती हसली नाही. "डोळ्यात कधी कीस गेला होता?"

गेला होता. तुला आठवत असेल. तूच मला सायकलच्या दांडीवर बसवून, उतार न बघता, वळण न बघता, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतंस. रस्ताभर "दादा, चोळू नकोस, चोळू नकोस" म्हणून ओरडत होतास. त्या मशीनचं चुंबक एवढं जबरदस्त असतं की लोखंडाचा कण डोळ्यात राहिलेला असला तर तो आतल्या आत सरकतो आणि डोळा जातो. म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला. काही राहिलं नव्हतं. त्या दिवशी तू धावलास म्हणून माझा डोळा शाबूत आहे, हे मी नाकबूल करत नाही. पुढे कधी धावला नाहीस, ते वेगळं.

आत सरकवलं तेव्हा छत नाकाला लागेल इतकं जवळ आलं. हातात एक रबरी फुगा देतात, जीव घाबरला तर दाबायचा. मग आवाज सुरू झाला. चकमध्ये धरलेला लोखंडाचा तुकडा सैल बसला की लेथ कशी अंगात आल्यासारखी ठोकायला लागते, तसा. माझा हात आपोआप स्विचकडे जायला निघाला. हलायचं नव्हतं. हललं की चित्र बिघडतं. मग मी अप्पांचा विचार करत पडून राहिलो.

तेही असेच पडून होते, उताणे. "पाठ रे, पाठ." मी तेल चोळत होतो, तुझी वहिनी गरम पाण्याची पिशवी ठेवत होती. शेवटी शेवटी कुशीवर वळवताना त्यांचं हाड मोडलं. नुसतं वळवताना! हे सगळं ऐकल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता खात्रीने सांगता येणार नाही, पण बहुधा त्यांनाही हेच असावं, मणक्यात उतरलेलं. तेव्हा कोणी बघितलं नाही. म्हातारपण म्हणून सोडून दिलं. तू तर ते अंथरुणाला खिळले त्याच आठवड्यात बॅग भरलीस. "कंपनीने बोलावलंय, दादा. जावंच लागेल." दोन वर्षं. मी त्यांचं अंग पुसत होतो आणि तू फोनवर त्यांना "बरे व्हा" सांगत होतास.

चित्र त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. अक्रोडाएवढी ती ग्रंथी. तिच्या पुढच्या भागात एक काळपट पट्टा, कोळशाने काढलेल्या चित्रावर कोणी बोट फिरवावं तसा फिसकटलेला. "इथे मागून घातलेली सुई सहसा पोचत नाही," म्हणाल्या. "दोन्ही वेळा बाजूने निघून गेली." संशय किती आहे ते सांगायला पाचपर्यंत आकडे देतात. मला पाच दिले. शाळेत कधी पाचपैकी पाच मिळाले नव्हते.

मग त्या चित्रात बघून, नेमकी तिथेच, पुढच्या वाटेने सुई घातली. या वेळी कॅन्सर निघाला. मधल्या प्रतीचा म्हणे, अगदी मवाळ नाही, अगदी माजलेला नाही. हाडांचाही फोटो काढला, तिथे पोचलेला नाही.

तुझी तपासणी झाली का, एवढंच कळव. पोस्टकार्डावर "झाली" लिहिलंस तरी चालेल.

दादा


७ मार्च

चार वर्षं.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. माझ्यासाठी नाही, वहिनीसाठी. मी मागे लेथवर होतो. तुझी वहिनी फोन हातात धरूनच दारात येऊन उभी राहिली. मशीन चालू असताना ती कधी तिथे येत नाही. मी बंद केलं. म्हणाली, "भाऊजींना चार वर्षांपूर्वी हेच झालं होतं. ऑपरेशन झालंय त्यांचं."

मला आधी कळेचना. मी विचारलं, "कुणाच्या भाऊजींना?"

मग मी तुला फोन लावला. काय बोलणं झालं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. उद्या तू त्याला दुसरं काही वळण द्यायला नको.

"खरं आहे का?"

"हो, दादा."

"सापडलं कसं?"

"एमआरआयमध्ये. त्यांनी आधी तोच केला. लवकर सापडलं म्हणाले. काढून टाकलं."

"तुझ्या डॉक्टरने तुला सांगितलं नाही, भावाला कळव म्हणून?"

तू म्हणालास, "सांगितलं होतं."

"मग?"

"तूच म्हणाला होतास दारात उभा राहून. अप्पांना पोचवून आलो त्या संध्याकाळी. 'आजपासून मी तुला मेलो.' मेलेल्या माणसाला काय कळवायचं होतं?"

मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल, शरमेने ठेवला. नाही रे. शिवी सुचेना म्हणून ठेवला.

हो, म्हणालो होतो. माणूस दोन वर्षं बापाला उचलतो, बसवतो, धुतो, आणि शेवटच्या दिवशी येऊन सगळ्यांत मोठ्याने रडणारा भाऊ बघतो, तेव्हा त्याच्या तोंडून असं निघतं. वहिनीने त्या आठवड्यातच मला विचारलं होतं, "रागात बोललात ना?" म्हटलं, रागातच. तिला कळलं, तुला कळलं नाही. तू त्या एका वाक्याचा कायदा करून ठेवलास आणि अकरा वर्षं पाळलास. सोयीचा होता ना. त्यात तुला काही करावं लागत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी तू एक फोन केला असतास! माझ्याशी नसतं बोलायचं, तर वहिनीशी बोलायचं. पुतणीला सांगायचं. "दादाला म्हणावं रक्त तपासून घे." एवढंच. मी तुला दहा शिव्या दिल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी रक्त दिलं असतं. मला तुझ्या एमआरआयची गोष्ट माहीत असती तर मी त्या गोडबोल्या डॉक्टरला विचारलं नसतं का, आधी चित्र का नाही काढत म्हणून?

मी तुला पत्र लिहून शहाणपण शिकवत होतो, आधी चित्र, मग सुया. तुला ते चार वर्षांपासून पाठ होतं. माझी पहिली दोन पत्रं वाचताना तुझ्या तोंडावर काय होतं, ते मला बघायला आवडलं असतं.

आणि तुझी बायको आणखी एक बोलली. तुझ्या मुलाला माहीत नाही. त्याला हर्निया सांगितलाय.

सही करत नाही.


२९ मार्च

धाकट्या,

परवा तू चहाला हात न लावता उठून गेलास. तोंडावर बोलायचं राहिलं ते लिहितो.

तू येशील असं वाटलं नव्हतं. दारात उभा राहिलास तेव्हा क्षणभर मी ओळखलंच नाही. केस पार गेले तुझे. तूही लेथकडे बघत राहिलास, माझ्याकडे नाही. "अजून हीच आहे?" म्हणालास. तुझ्या हाताखाली कुरकुर करायची ती जुनी मशीन, हो, अजून तीच आहे. ती कुठे गेली नाही.

मी तुला बसायलाही न सांगता विचारलं होतं, "ऑपरेशननंतर काय होतं? खरं सांग." डॉक्टरीणबाई सगळं सांगतात, पण त्यांच्या बोलण्यात 'काही रुग्णांना' असं येतं. मला एक रुग्ण समोर हवा होता.

तू स्टुलावर टेकलास आणि सांगितलंस, हे मी मान्य करतो. पहिले काही महिने पॅड लावावे लागले. शिंक आली, खोकला आला, जिना चढला की ओलं. बाहेर जायचं तर आधी शौचालय कुठे आहे ते बघून ठेवायचं. काळी पँटच घालायची. "आता?" म्हटलं. "आता बरंय. खड्ड्यात गाडी आपटली की थोडं होतं."

"आणि ते दुसरं?"

"ते गेलं, दादा," तू म्हणालास. "बायको काही म्हणत नाही. म्हणत नाही याचाच त्रास होतो."

आपल्या उभ्या जन्मात तू माझ्याशी इतकं खरं कधी बोलला नव्हतास. मी पान्हा हातात घेऊन उगाच पुसत बसलो होतो. तेव्हाच गप्प बसायला हवं होतं कदाचित. पण मी म्हटलं, "मुलाला सांग."

तुझा चेहराच फिरला. "त्याची बायको पोटुशी आहे. आत्ता कुठे त्याचं बस्तान बसतंय. आता त्याच्या डोक्यात हे घालू?"

"त्याला रक्त तपासायला सांगायचंय. फाशीची तारीख नाही सांगायची."

"तो लहान आहे अजून."

"चाळिशीला आलाय. आजोबा, काका, बाप. तिघं. त्याची तपासणी आत्तापासून व्हायला हवी, असं मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तुलाही तुझ्या डॉक्टरने सांगितलं असणार."

"माझ्या नि माझ्या मुलाच्या मध्ये पडू नकोस," म्हणालास आणि उठलास.

ऐक. मुलापुढे लाज वाटते, हे मला कळतं. पोरगा आपल्याला दणकट समजतो, त्याच्यापुढे पॅडचं काय सांगायचं, 'त्या दुसऱ्याचं' काय सांगायचं. पण तेवढं नकोच सांगू. आजाराचं नाव सांग, बस्स.

माझं ऑपरेशन चौदा एप्रिलला आहे. किरणांचाही पर्याय होता. मी विचार करून कापायचं ठरवलं. तोवर तू त्याला सांगितलं नाहीस तर मी सांगेन. धमकी समज. एकदा तू गप्प राहिलास, ते मी भोगतोय. दुसऱ्यांदा राहशील तर ते पोरगं भोगेल आणि त्याला कळणारही नाही कुणामुळे.

दादा


२ मे

धाकट्या,

फोनवर तू काल खूप ओरडलास. मला टाक्यांमुळे मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून ऐकून घेतलं. "तुझा माझा संबंध संपला," म्हणालास. आपल्यात संपवण्यासारखं तू काय शिल्लक बघितलंस, ते सांग एकदा.

चौदा तारखेपर्यंत तू सांगितलं नाहीस. मी घरी आल्यावर तुझ्या मुलाला बोलावून घेतलं. लघवीची नळी होती अजून, पिशवी पलंगाला अडकवलेली. तुझी वहिनी पांघरूण ओढून ती झाकायला लागली. मी म्हटलं, राहू दे, बघू दे त्याला.

पोरगा गुणी आहे तुझा. इतकी वर्षं न भेटलेल्या काकाच्या पायाशी येऊन नीट बसला. मी आढेवेढे न घेता सांगितलं. मला हे झालंय, तुझ्या बाबांनाही हेच झालं होतं, आजोबांनाही बहुतेक हेच.

त्याने पिशवीकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे ते हर्नियाचं ऑपरेशन..."

"हर्निया नव्हता."

"म्हणून त्यांनी पोहणं सोडलं?"

मला कुठे ठाऊक. दर रविवारी बापलेक पोहायला जायचात म्हणे. त्या ऑपरेशननंतर तू एकदम बंद केलंस, कारण सांगितलं नाहीस, उलट त्याच्यावर खेकसलास. "मला वाटायचं, मी बाबांच्या मनाविरुद्ध लग्न ठरवलं म्हणून ते तोडून वागतायत," तो म्हणाला. "चार वर्षं मला हेच वाटतंय, काका."

तो रडला नाही, पण उठताना त्याला चप्पल सापडेना, पायासमोर असून.

त्याने रक्त दिलं. त्याच्या वयाच्या मानाने आकडा थोडा जास्त आलाय, हे तुला आता कळलंच आहे. डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं, नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही, आपण घाईने सुया टोचणार नाही, आधी एमआरआय करू. त्याने मला विचारलं, "काका, तुम्ही याल का बरोबर?" माझं मन झालं होतं रे. म्हटलं, मी ही पिशवी घेऊन कुठे येणार? बापाला घेऊन जा.

आता तू माझ्यावर ओरडायचं ते ओरड, पण त्या दिवशी त्याच्याबरोबर जा. न जाण्याचा तुला सराव आहे. या खेपेला मोड तो.

माझा रिपोर्ट आला. गाठ पुढच्या बाजूने कवचाबाहेर गेलेली होती. जेवढं काढता आलं तेवढं काढलंय. पुढचं रक्त तपासल्यावर कळेल.

दादा


११ सप्टेंबर

धाकट्या,

तुझ्या मुलाचं चित्र स्वच्छ आलं, हे मला त्याच्याकडून कळलं. तुझ्याकडून नाही. परत तपासलेला आकडाही खाली आलाय. चित्र स्वच्छ म्हणजे जन्माची सुटका नाही, वर्षावर्षाला रक्त बघत राहायचं, असं बाईंनी त्याला सांगितलंय. तो बघेल. त्याला सांगायला कोणी आहे.

तू गेला होतास, तेही त्याने सांगितलं. सबंध वेळ बाहेरच्या बाकावर बसून होतास, आणि तो बाहेर आल्याबरोबर पहिलं वाक्य बोललास, "आवाज फार असतो ना आत?" पोरगा म्हणाला, "काका, मी फक्त हो म्हटलं. मग आम्ही गाडीत बसलो आणि बाबांनी अर्ध्या वाटेवर गाडी कडेला घेतली. तिथे सगळं सांगितलं." काय सांगितलंस ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बाळ-बाळंतीण खुशाल आहेत असं कळलं. बरं वाटलं.

आता माझं. ऑपरेशननंतर रक्तातला आकडा शून्याच्या आसपास जायला हवा होता. गेला नाही. थोडा राहिला, आणि मागच्या महिन्यात वाढला. म्हणजे कुठेतरी शिल्लक आहे. त्या जागेवर किरण द्यायचे ठरलेत, सोमवारपासून सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज.

मी बाईंना विचारलं, "चार वर्षांपूर्वी कळलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "असं मागे जाऊन सांगता येत नाही." मी म्हटलं, "अंदाजाने?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मला पाणी किती प्यायचं ते सांगायला लागल्या. उत्तर मिळालं मला. तुलाही मिळावं म्हणून लिहितोय. ते तू घेऊन जग. मी काही ते तुझ्या डोक्यावरून उतरवणार नाही. वहिनी म्हणते, सोडून द्या आता. तिला म्हटलं, सोडायला ते माझ्या हातात आहे का? ते माझ्या रक्तात आहे, लॅबवाले दर महिन्याला मोजून देतायत.

आता कामाचं बोलतो. किरण देताना मूत्राशय भरलेलं लागतं. घरून पाणी पिऊन निघायचं आणि तिथे नंबर लागेपर्यंत धरून ठेवायचं. मला अजून नीट धरवत नाही. पहिल्या चाचणीला बसने गेलो होतो. दुसऱ्या वळणावरच सगळं संपलं. काळी पँट नव्हती. एका शाळकरी मुलीने मला उठून जागा दिली आणि मी बसू शकलो नाही, तसाच उभा राहिलो.

तुझ्या पुतणीला सकाळी कामावर जावं लागतं. वहिनीला गाडी येत नाही. तुझा मुलगा म्हणाला, मी नेतो. त्याच्या घरी तान्हं मूल आहे, त्याला सकाळची झोप मिळू दे. भाड्याच्या गाडीवाल्याला "सावकाश, खड्डा बघून" असं रोज का सांगायचं, ते मला समजावता येणार नाही. तुला समजावावं लागणार नाही. या शहरात मला ओळखणारा असा दुसरा माणूस नाही, म्हणून तुला सांगतोय. दुसरा असता तर त्याला सांगितलं असतं.

गाडीत बोलायचं नाही. माफी मागायची नाही, मी ऐकणार नाही. रेडिओ लावायचा असेल तर लाव. मोठ्या रस्त्याने नको, तिथे सगळा खणलाय. कालव्याच्या कडेने ये, लांब पडतं पण डांबर नवं आहे.

सोमवारी सकाळी. हॉर्न वाजवू नकोस, मी खालीच उभा असेन.

दादा